वल्ह्याशिवायचं नाव

“आधी तोंड बघ.”

असं म्हणून मिस उजव्या हाताचं बोट पुढे करायच्या आणि समोरच्या पक्ष्याच्या चोचीला हलकेच टेकवायच्या. पक्षी अर्थातच चित्रातला. प्राचीन इजिप्तची चित्रलिपी कधी डावीकडून लिहिलेली असते, कधी उजवीकडून. सुरुवात कुठून करायची हे त्यातले पक्षी, प्राणी आणि माणसं सांगतात. त्यांची तोंडं जिकडे, तिकडून वाचायचं. मिसना ही सवय इतकी लागली होती की लिफ्टमध्ये कुणी भेटलं तरी त्या आधी त्याचं तोंड बघत, आणि मग सलाम करायचा की नुसतं मजल्याचं बटण दाबायचं ते ठरवत.

अशी एखादी बाई तुमच्याही बिल्डिंगमध्ये असेल. जिला बघून पोरं जिन्यात आवाज कमी करतात आणि वॉचमन सिगरेट पाठीमागे लपवतो. बहरीनमध्ये, हूरा भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ती बाई म्हणजे या मिस. मूळच्या सुदानच्या, साठी ओलांडलेल्या, उंच, ताठ. इथल्या एका इंग्रजी शाळेत त्यांनी जन्मभर इतिहास शिकवला. नवरा केव्हाच वारलेला. शाळेतून निवृत्त झाल्या तरी ‘मिस’ ही हाक काही सुटली नाही. खालचा मल्याळी किराणावालाही त्यांना मिसच म्हणायचा. माझी मुलगी त्यांच्याकडे शिकवणीला जायची आणि घरी येऊन माझ्या मराठी प्रश्नांना मिसच्या थाटात इंग्रजी उत्तरं द्यायची.

मी सलमाबादला एका साइनबोर्डच्या वर्कशॉपमध्ये आहे. बहरीनमधल्या निम्म्या दवाखान्यांच्या पाट्या मीच कापल्या आहेत असं मी गावाला सांगतो. एकदा मिसनी माझ्या मुलीच्या हातून एक कागद पाठवला. त्यावर चार-पाच चित्रं होती. घराच्या दाराला ही पाटी हवी, पारदर्शक ॲक्रिलिकवर, असा निरोप. त्यांचं नावच होतं ते, त्या जुन्या लिपीत.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. पारदर्शक ॲक्रिलिकवर मागच्या बाजूने कोरतात, म्हणजे पुढून बघणाऱ्याला अक्षरं काचेच्या पोटात असल्यासारखी दिसतात. त्यासाठी मशीनला डिझाइन उलटं करून द्यावं लागतं, आरशात दिसतं तसं. आम्ही याला मिरर मारणं म्हणतो. मिरर मारायला विसरलं की माल भंगारात. आणि त्या दिवशी मी विसरलो. सगळे पक्षी कागदावर डावीकडे बघत होते ते पाटीवर उजवीकडे बघायला लागले. आता ही बाई आपल्याला वर्गाबाहेर उभं करणार, असं म्हणत मी पाटी घेऊन गेलो.

मिसनी पाटी उजेडात धरली. बोट चोचीला टेकवलं.

“काय बिघडलं यात?” त्या म्हणाल्या. “आता उजवीकडून वाचायचं. आधी तोंड बघ, मग घाबर.”

चूक होऊनही माल वाया न जाण्याचा हा माझ्या आयुष्यातला पहिला प्रसंग. मी तिथेच त्या लिपीच्या प्रेमात पडलो.

त्या लिपीचा वर्ग सुरू झाला तो थोड्या दिवसांनी. तोवर सुदानात युद्ध पेटलं होतं. मिसची एकुलती एक मुलगी, मुना, तिकडे ओमदुर्मान शहरात होती. एका हॉस्पिटलच्या औषधांच्या विभागात कामाला. मिस दिवसभर टीव्हीसमोर बसायच्या. मग कधीतरी बातमी आली की सुदानच्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या जुन्या मूर्ती आणि शिळा ट्रकात घालून पळवून नेल्या. त्या दिवशी मिसनी टीव्ही बंद केला आणि माझं दार ठोठावलं.

“दगड नेतील,” त्या म्हणाल्या. “वाचणारे तर उरू देत. शुक्रवारी दुपारी ये. आणखी कुणी असेल तर आण.”

आणखी कुणी म्हणजे पारकरभाई. रत्नागिरीचे, एका कार्गो कंपनीत क्लार्क, बंदरातले कागद फिरवण्यात हयात गेलेली. जुम्म्याची नमाज झाली की दुपार कशी काढायची हा त्यांचा कायमचा प्रश्न. दुसरी अकिरू, केनियाच्या उत्तरेकडची, तुर्काना जमातीची तरुण मुलगी. ती अमवाजमधल्या एका कॉफी शॉपमध्ये काम करायची आणि मिसच्या खालच्या मजल्यावर चार मुलींबरोबर राहायची. असा आमचा वर्ग. एक पाटीवाला, एक कार्गोवाला, एक कॉफीवाली.

पहिल्याच दिवशी आम्ही बघतो तर भिंतीवर आफ्रिकेचा नकाशा उलटा लावलेला. पारकरभाई सरळ करायला उठले.

“बस,” मिस ओरडल्या. “तो सरळच आहे. जुन्या इजिप्तची माणसं दक्षिणेकडे तोंड करून उभी राहायची. नदी जिकडून येते तिकडे. डावा हात म्हणजे पूर्व, उजवा म्हणजे पश्चिम. त्यांच्या भाषेत शब्दच तसे आहेत. म्हणजे त्यांचं तोंड कुणाकडे होतं? आमच्याकडे, सुदानकडे. आणि मी इतकी वर्षं शाळेत कोणतं पुस्तक शिकवलं? ज्यात इजिप्त युरोपच्या अंगणात आहे आणि आफ्रिका मागच्या दाराशी उभी आहे.”

हा त्यांचा आयुष्यभराचा सल होता. एकदा कुठल्याशा क्लबात व्याख्यान होतं. वक्त्याने इजिप्तच्या संस्कृतीचा उगम गूढ आहे असं म्हटल्यावर मिस मधूनच उभ्या राहिल्या आणि विचारलं, “गूढ कुणाला?” त्यांना पुन्हा तिथलं बोलावणं आलं नाही.

पण त्या आंधळेपणाने सगळं आपलं म्हणणाऱ्यांतल्या नव्हत्या. पारकरभाई कार्गोचे, म्हणजे प्रत्येक गोष्टीला पुरावा मागणारे. मिस जुने शब्द आपल्या घरच्या नूबियन बोलीच्या वळणाने उच्चारायच्या, तेव्हा ते विचारायचे, “मिस, हे असंच बोलत होते कशावरून?”

“कशावरूनच नाही. स्वर त्यांनी लिहिलेच नाहीत. युरोपातल्या पंडितांनी सोयीसाठी आपले घातले. त्यांचा अंदाज चालतो, मग माझ्या आजीचा का नको? मी म्हणत नाही सगळं आमचं. मी म्हणते, शेजाऱ्यालाही विचारा.”

शेजाऱ्याला विचारणं म्हणजे काय ते आम्हाला अकिरूमुळे कळलं. एकदा मिसनी पांढऱ्या फळ्यावर काळ्या मार्कर-पेनने एक चिन्ह काढलं. खाली बैठक, मध्ये दांडा, वर चंद्रकोरीसारखी खोबण. आम्ही ओळखायचं होतं. पारकरभाई म्हणाले तराजू. मी म्हणालो कपबशी. अकिरू म्हणाली, “ही माझ्या आजोबांची उशी आहे. लाकडाची. ते गुरांमागे जाताना खांद्याला अडकवून नेतात.”

मिसनी पेन खाली ठेवलं, तिच्याजवळ गेल्या आणि तिच्या कपाळाचा मुका घेतला. ते खरंच उशीचं चिन्ह होतं. मिसच्या आजीकडेही तशीच उशी होती. “लोक काचेच्या पेटीत बघायला तिकीट काढतात,” त्या म्हणत राहिल्या, “आणि हिचा आजोबा तिच्यावर झोपतो.” त्या दिवशी पुढे वर्ग झालाच नाही. चहा झाला.

मिसच्या आजीचं गाव नाईलवरच्या धरणात बुडालं होतं. माझ्या आजोबांचं गाव कोयनेच्या धरणात गेलं. आम्ही रायगडातल्या माळावर उठवून बसवलेली माणसं. मी हे सहज बोललो, तर मिसनी मला फळ्यासमोर उभं केलं आणि आमच्या गावाचं नाव लिहायला लावलं. मी चिन्हं जुळवली. शेवटी त्यांनी स्वतः एक गोल काढून त्यात रस्त्यांची फुली मारली. ही गावाची खूण, कुठल्याही गावाच्या नावाला जोडतात.

“पण ते पाण्याखाली आहे, मिस.”

“म्हणून काय झालं? माझंही आहे. मोठ्याने वाच.”

मी वाचलं. आजोबा गेल्यानंतर ते नाव आमच्या घरात कुणी घेतलं नव्हतं. पारकरभाईंनी समजूतदारपणे खिडकीबाहेर बघितलं.

मोठ्याने वाचण्यावर मिसचा फार भर. जुन्या शिळांवर मेलेला माणूस वाटेने जाणाऱ्यांना हाक मारतो. अहो जिवंत माणसांनो, जाताजाता माझं नाव घ्या, आणि म्हणा, याला हजार भाकऱ्या, हजार घागरी बिअर मिळो. नुसतं तोंडाने म्हणा, तोंडाच्या वाऱ्याला काही लागत नाही. नाव घेतलं की माणूस जगतो, अशी त्यांची श्रद्धा. पारकरभाईंनी बिअरला हरकत घेतली. मिसनी त्यांना हजार कप चहा म्हणायची परवानगी दिली.

आता यातली जी गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे तिच्याकडे येतो. आम्ही शिकत होतो ते सगळे नमुने कबरीतले. त्यामुळे प्रत्येक नमुन्यात माणसाच्या नावापुढे दोन चिन्हं असायची. एक चौथऱ्यासारखी आडवी पट्टी आणि एक उभं वल्हं. आम्हाला वाटलं, आपल्याकडे नावापुढे राव किंवा साहेब लावतात तसं काहीतरी असेल. म्हणून स्वतःचं नाव लिहायला शिकल्यावर आम्ही तिघांनीही ती हौसेने जोडली. पारकरभाईंनी आपल्या डब्यावर लिहिलं. अकिरूने मोबाइलच्या कव्हरवर.

मिसनी डबा हातात घेतला, पट्टी बघितली, वल्हं बघितलं.

“अभिनंदन,” त्या म्हणाल्या. “मेलात तुम्ही. तिघेही.”

त्या चिन्हांचा अर्थ ‘ज्याची वाणी खरी ठरली तो’. मेल्यानंतर न्याय होतो, त्यात जो खरा ठरला त्याच्या नावापुढे ती लिहितात. थोडक्यात, आपल्याकडचं कैलासवासी. पारकरभाईंनी तौबा तौबा करत डबा किचनच्या नळाखाली धरला. मिस इतक्या हसल्या की डोळे पुसायला लागल्या. पुढे कितीतरी दिवस वर्गात कुणाचं काही चुकलं की आम्ही म्हणायचो, अभिनंदन, मेलात.

मुनाचा आवाज आम्ही सगळेच ओळखायला लागलो होतो. तिकडे नेट मिळालं की ती आवाजाचा मेसेज पाठवायची. तो वर्गाच्या वेळेत आला तर मिस फोन टेबलावर ठेवून सगळ्यांना ऐकवायच्या. अरबी आम्हाला जेमतेम कळायचं, पण हसू कळायचं. मुनाला आईच्या या नादाची गंमत वाटे. “मम्मा, पक्षी कसे आहेत? मेलेली माणसं काय म्हणतात?” असं ती विचारायची. मग मिस उत्तर रेकॉर्ड करायच्या, आणि ते दरवेळी एकच असे. निघ. मिळेल त्या गाडीने निघ. आणि मुनाचंही उत्तर ठरलेलं. औषधं द्यायला दुसरं कुणी नाही, पुढच्या आठवड्यात निघते, इंशाल्ला.

पोरीने आपल्यासमोर बसून हे पक्षी वाचावेत, एवढीच मिसची इच्छा उरली होती. तिच्यासाठी एक खुर्ची त्या रिकामी ठेवायच्या. पारकरभाई त्या खुर्चीवर एकदा टोपी ठेवायला गेले तर ओरडा खाल्ला.

मुनाचं नाव लिहायला सोपं. घुबड, लावा पक्ष्याचं पिल्लू, पाण्याच्या लाटा आणि गिधाड. माझी बायको एकदा शेवयांची खीर द्यायला वर आली होती, तिने हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. “शिव शिव! पोरीच्या नावात घुबड आणि गिधाड?”

मी भाषांतर करून सांगितलं. मिस म्हणाल्या, “हिला सांग, आमची घुबडं तुमच्या घुबडांसारखी नाहीत. गरीब असतात.”

बायकोला ते पटलं नाही. तिने जाताना मुनाची दृष्ट काढून कानशिलावर बोटं मोडली.

त्या शुक्रवारी आम्ही नाती शिकत होतो. बदक म्हणजे मुलगा. बदकाशेजारी भाकरी आली की मुलगी. मिस फळ्यावर लिहीत होत्या, बोलत होत्या, आमच्याकडे बघत होत्या, सगळं एकदम. शिक्षकांचा हात असाच असतो, डोकं दुसरीकडे असलं तरी चालतो. त्यांनी आधी स्वतःचं नाव लिहिलं. मग बदक, भाकरी. तिची मुलगी. मग घुबड, पिल्लू, पाणी, गिधाड. आणि हात थांबला नाही. जन्मभर कबरीतले नमुने उतरवलेला हात होता तो. त्याने पुढे पट्टी काढली आणि वल्हं काढलं.

अकिरूला वाटलं मिस आमची परीक्षा घेतायत. ती टाळी वाजवून हसली आणि आमचंच वाक्य म्हणाली, “मिस! अभिनंदन! मारलंत तिला!”

मिसनी वळून फळ्याकडे बघितलं. असं तोंड मी माणसाचं कधी पाहिलं नाही, आणि पुन्हा बघायचं नाही. डस्टर टेबलावरच होता, पण त्यांनी तो घेतला नाही. तळहाताने पुसलं. पट्टी पुसली, वल्हं पुसलं, मुनाचं नाव मात्र तसंच ठेवलं. तळहात काळा झाला. त्या बेसिनपाशी गेल्या आणि बराच वेळ पाणी वाहत होतं. परत आल्या तेव्हाही तळव्याच्या रेघांमध्ये शाई होती. अकिरू रडत होती. मिसनी तिच्या डोक्यावर दुसरा, स्वच्छ हात ठेवला आणि म्हणाल्या, “खलास, झालं ते. पुढचं वाक्य घ्या.”

त्यानंतरही मुनाचे दोन-तीन मेसेज आले. हे मुद्दाम सांगतो, कारण उगाच कुणी त्यात चमत्कार शोधू नये. बॉम्ब टाकणाऱ्याला चित्रलिपी येत नाही. पण मग मेसेज यायचे थांबले. ओमदुर्मानच्या त्या भागातली हॉस्पिटलं बंद पडली असं कळलं. कुणी म्हणे माणसं नदीपलीकडे गेली, कुणी म्हणे इजिप्तच्या वाटेला लागली. पारकरभाईंचा पोर्ट सुदानच्या बंदरावर एक ओळखीचा एजंट होता. कार्गोबरोबर ते आता माणसाचीही चौकशी पाठवायला लागले.

“त्याचा काही संबंध नाही, मला माहीत आहे,” मिस एकदा चहा ओतताना एकदम म्हणाल्या. कशाचा ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. पण बोलता बोलता त्या तळहात उघडून बघायच्या. तिथे काही नव्हतं.

काही महिने असेच गेल्यावर इथल्या सुदानी बायका आल्या. त्यांच्यात रिवाज आहे, माणूस गेलं की सगळ्या जमून आक्रोश करायचा, घरच्या बाईला एकटं सोडायचं नाही. त्यांनी आपसात ठरवलं होतं की इतक्या दिवसांत निरोप नाही म्हणजे मुना नाही. चांगल्या मनानेच आल्या होत्या बिचाऱ्या. पांढऱ्या वस्त्रांत जिना भरून उभ्या होत्या. मी कामावरून येत होतो, माझी वाट अडली. मिस दारात उभ्या, त्यांच्या दाराला मी केलेली पाटी.

“चहाला आल्या असाल तर आत या,” त्यांनी अरबीत म्हटलं, तेवढं मला समजलं. “रडायला आल्या असाल तर नको.”

बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. मग एकेक करून माझ्या बाजूने खाली उतरल्या. त्यातली एक म्हातारी मात्र आत गेली आणि चहा पिऊन आली. मला फार बरं वाटलं.

मग मिसच्या पोटात दुखायला लागलं. गाठ निघाली, आणि ती उशिरा निघाली. एवढंच सांगतो, कारण हॉस्पिटलं तुम्हीही पाहिली आहेत. शुक्रवारचा वर्ग आता त्यांच्या पलंगाभोवती भरायचा. अकिरू ड्युटी संपवून अमवाजहून दोन बस बदलून यायची. नकाशाची सोय नव्हती, तर मिसनी सिस्टरला सांगून पलंग फिरवून घेतला होता, दक्षिणेकडे बघता येईल असा. सिस्टर मल्याळी होती. तिला वाटलं यांची कुठलीतरी धार्मिक पद्धत असेल.

एकदा मी दुपारी एकटाच गेलो होतो. मिस म्हणाल्या, “फोन काढ. लिही.”

मी मोबाइलच्या स्क्रीनवर बोटाने चित्रं काढत गेलो आणि त्या सांगत गेल्या. पाटी दोन ओळींची. उजवीकडे त्यांचं नाव, डावीकडे मुनाचं, आणि दोन्ही ओळींमधल्या पक्ष्यांची तोंडं एकमेकांकडे. वर ती हाक, अहो जिवंत माणसांनो. त्यांच्या नावापुढे पट्टी आणि वल्हं.

“मिस, ते आत्ताच कशाला?”

“गप्प. पाटी कबरीवर लावायची नाही, आमच्यात तो रिवाज नाही. तुझ्या वर्कशॉपमध्ये लाव. माणसं येत-जात असतात तिथे. आता डावी ओळ. ‘तिची मुलगी, जी तिचं नाव जिवंत ठेवते, ती.’ बदक काढलंस? भाकरी विसरू नकोस, नाहीतर मुलगा होईल. आता मुना. आणि पुढे काही नाही.”

शिळा करवून घेणारा मुलगा नेहमी असाच लिहिलेला असतो, त्या म्हणाल्या. मेलेल्याच्या नावापुढे वल्हं, आणि जो त्याचं नाव जिवंत ठेवतो त्याच्यापुढे नाही. तो जिवंतच धरायचा.

मला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं. “आणि मिस, बातमी आली तर?”

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, “माझ्यापर्यंत पोचेपर्यंत नाही. तोवर वल्हं लावायचं नाही. कुणी काही सांगो.”

त्या एका सकाळी गेल्या. दफनाला मी आणि पारकरभाई होतो, आणखी थोडे सुदानी लोक. मी कडेला उभा होतो, तर पारकरभाईंनी मला दंडाला धरून पुढे नेलं आणि मूठभर माती टाकायला लावली. ऊन असं होतं की मातीचा चटका बसला. मिसना मुलगी दिसली नाही, देश दिसला नाही, रिकामी खुर्ची रिकामीच राहिली. याबद्दल मला राग येतो. कुणावर काढायचा ते कळत नाही, म्हणून तो तसाच राहिलाय.

पाटी मी सुट्टीच्या दिवशी केली. यावेळी मिरर मारायला विसरलो नाही. वर्कशॉपच्या दाराजवळ, गिऱ्हाईक उभं राहतं तिथे लावली. उजवी ओळ लांब झाली, डावी दोन चिन्हांनी तोकडी. बोर्डवाल्याच्या डोळ्याला ते खुपतं. पण तसंच सांगितलं होतं.

पारकरभाई आले ते कामाच्या दिवशी, भर दुपारी. मी मशीन बंद केलं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती.

“पोर्ट सुदानवरनं फोन आलेला,” ते म्हणाले. “ती मुना… हॉस्पिटलावर बॉम्ब पडला ना, तेव्हाच गेली ती. बरोबरच्या नर्सने सांगितलान. तिनेच मातीही दिलेली. मिस आजारी पडायच्या पण आधी रे.”

आम्ही दोघे तिथेच पॅकिंगच्या खोक्यांवर बसलो. बाहेर फोर्कलिफ्ट पुढे-मागे करत होती. पारकरभाई रडत नव्हते, नुसते पाटीकडे बघत होते. शेवटी म्हणाले, “आता ती दोन चिन्हा बसवायला हवीत तुला. मिसच शिकवीत ना, खरा तेच लिहायचा. मेलेल्याला जिवंत लिहून कसा चालेल?”

मी पाटी उतरवली. मशीनवर ठेवली, पुसली. मुनाच्या नावापुढे जागा होती, दोन चिन्हांची, बरोबर मापाची. पट्टी आणि वल्हं आईच्या ओळीतून कॉपी करायचं, बस. दोन मिनिटांचं काम. मी डिझाइन उघडलं आणि माझा हात थांबला.

“पारकरभाई, बातमी तुम्हाला पोचली. मला पोचली. मिसना पोचली का?”

“त्यांना आता कशी पोचेल?”

“मग झालं तर,” मी म्हणालो. “पोचेपर्यंत लावायचं नाही, असं सांगून गेल्यात.”

पारकरभाईंनी माझ्याकडे बघितलं, मग टोपी डोक्यावर घातली. पाटी पुन्हा लावताना दुसरं टोक त्यांनी धरलं.

ती अजून तिथेच आहे. गिऱ्हाइकं विचारतात ही कुठल्या दुकानाची पाटी. मिसचं नाव मी इथे लिहिलेलं नाही, कारण ते तोंडाने घ्यायचं आहे. कुणी सलमाबादला आलं तर वाचून दाखवीन. शुक्रवारी वर्कशॉप बंद असतं, किल्ली माझ्याकडे असते. आम्ही तिघे उभे राहतो, अकिरू बोट चोचीला टेकवते आणि आम्ही तोंडाच्या बाजूने वाचायला लागतो. हजार भाकऱ्या. हजार कप चहा. मिसचं नाव, पट्टी, वल्हं. मग दुसऱ्या बाजूने, तिची मुलगी, जी तिचं नाव जिवंत ठेवते, ती. घुबड, पिल्लू, पाणी, गिधाड. तिथे आम्ही थांबतो. त्यापुढे कोरं ॲक्रिलिक आहे, त्यातून मागची भिंत दिसते.